माया काय, अम्मी?

शबानाचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. "काकू, अम्मी गेली," ती म्हणाली आणि एकदम भडाभडा बोलायला लागली. तिची अम्मी म्हणजे सासू, आमच्या नसीमआपा. शेवटी शेवटी त्या सारखं 'माया... माया...' म्हणत होत्या म्हणे. आमच्या वऱ्हाडीत 'माया' म्हणजे माझा, माझं. घरचे सगळे पुढच्या शब्दासाठी कान लावून बसले. "माया काय, अम्मी? चश्मा पाह्यजे? तसबी देऊ?" शबानानं चष्मा दिला, जपाची माळ हातात दिली, शेवटी सलीमचा, म्हणजे तिच्या गेलेल्या नवऱ्याचा, आपांच्या मुलाचा फोटोही भिंतीवरून काढून आणला. आपा दर वेळी नाही म्हणून मान हलवायच्या. "तिचं काहीतरी राह्यलं काकू, अन् आमाले सापडलंच नाही," म्हणून ती रडायला लागली. मला कळलं होतं, आपा काय म्हणत होत्या ते. पण ते सांगितलं नाही. "येते गं मी," म्हणाले आणि फोन ठेवला.

त्याला आता काही आठवडे झाले. यवतमाळहून घाटंजी काही परदेशात नाही, पण पाय निघेना. एकदा तर एसटी स्टँडपर्यंत जाऊन परत आले. घरात या खोलीतून त्या खोलीत नुसती फिरत होते. सून म्हणायची, "आई, बसा ना जरा." कशी बसू? शबानाला सांगायचं म्हणजे आधी स्वतःला विचारावं लागणार... बाई गं, तुझा तरी आहे का विश्वास?

आपा आमच्या घरी आल्या त्या आमच्या वाईट दिवसांत. तेव्हा आम्ही घाटंजीला होतो. माझे मिस्टर कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. मूठभर कापूस हातात घ्यायचा, धागा ओढून बघायचा आणि प्रत ठरवायची. भाव पडलेले, केंद्रासमोर गाड्यांची रांग, आणि साऱ्या गावाचा राग या एका माणसावर. घरी आले की ताटावर नुसते बसून राहायचे. एक दिवस तिथंच, कापसाच्या ढिगाजवळ, त्यांना लकव्याचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. पडून पडून पाठीला जखमा झाल्या, कारण गादीतल्या कापसाचे गोळे झाले होते. शेजारणीनं आपांना बोलावलं. त्या पिंजारीण. नवऱ्यामागे त्याची धुनकी, म्हणजे पिंजायची ती मोठी कमान, त्यांनीच खांद्यावर घेतली होती. गादी उसवून अंगणात कापूस पिंजायला बसल्या आणि टणटण आवाज सुरू झाला तशी मिस्टरांनी खिडकीकडे मान वळवली. आपांनी ते पाहिलं. मूठभर कापूस घेऊन आत आल्या अन् त्यांच्या डाव्या हातात ठेवून म्हणाल्या, "भाऊ, कोनता ग्रेड लावता, सांगा बरं! घासाघीस नाही करत मी." माझं तर डोकंच फिरलं. आजारी माणसाची थट्टा करते ही बाई! पण मिस्टर अर्ध्या ओठानं हसले. झटक्यानंतर पहिल्यांदा.

त्याच दुपारी ओळखीच्या चार बायका समाचाराला आल्या. चहा झाला, सुस्कारे झाले, आणि उठताना एकीनं नेहमीचं वाक्य टाकलं, "देवाची माया मोठी असते हो, वहिनी." त्या गेल्या तशी अंगणातली धुनकी थांबली. आपा दारात येऊन उभ्या, कपाळाला आठी. "भाभी, ह्या बाया तुमच्या देवाले धोकेबाज म्हनून गेल्या, अन् तुमी त्याइले चहा पाजला?"

मला आधी काही समजेचना. मग उजेड पडला. हिंदीत माया म्हणजे भुलावण, मायाजाल. आपा इतकी वर्षं गावभर 'देवाची माया' ऐकत होत्या आणि आम्ही लोक देवाला फसव्या म्हणतो नि वर त्यालाच हार घालतो, असं समजून चालल्या होत्या! मी पदर तोंडाला लावून हसले. हसता हसता रडायला लागले. त्यांना सांगितलं, अहो, आमच्यात माया म्हणजे आईला लेकराची असते ती. "पण आपा," मी म्हणाले, "तुमचाच अर्थ बरोबर आहे. धोकाच दिलाय त्यानं मला. मी दिवा लावणं बंद केलंय."

आपा खाली बसल्या. केसांत, भुवयांत कापूस. "माया सलीम फवारनीच्या मजुरीले गेलता," त्या म्हणाल्या. "फोमच्या गाद्या आल्या, धुनकीवर घर चालेना, म्हनून गेलता. दवाई अंगात भिनली त्याच्या. परतला तो बाजेवरच, मंग गेला. म्या अल्लाले लय बोलली. धोका केला तू, म्हटलं. रोज दार लावून भांडत होती. लोक म्हने, असं बोलू नये, गुन्हा हाय. पन भाभी, मी दुसऱ्या कोनाशी भांडलीच नाही. ना मालकाशी, ना दवाईवाल्याशी. भांडाले मले तोच लागे. लेकरू कोनावर ओरडते? मायवरच न! शेजारनीवर कायले ओरडन?" मग स्वतःशीच हसल्या. "पाहा न, माया मंजे लाड अन् माया मंजे माझंवालं. एकच बोल हाय तुमचा. बरा हाय. मी ठेवून घेतो हा."

आणि खरंच ठेवून घेतला. बाजारात भेटल्या की लांबूनच हाक मारायच्या, "काय भाभी, आज माया का धोका?" मी कधी म्हणायचे धोका, कधी नुसतं तोंड वाकडं करायचे. पण त्या दिवसापासून मीही देवघरासमोर उभी राहून भांडायला लागले, मोठ्यानं, मिस्टरांना ऐकू जाईल असं. दिवा नंतर कधीतरी आपोआप लागला. मिस्टर गेले तेव्हा मला वेड लागलं नाही, ते या भांडणामुळे. याला श्रद्धा म्हणतात की काय, मला माहीत नाही. माझी अजून त्याच्याशी धुसफूस चालूच आहे. आपा गेल्यापासून तर जास्तच.

काल शेवटी गेले घाटंजीला. शबाना आपांच्या खोलीत सगळं सामान उपसून बसली होती, ती राहिलेली वस्तू शोधत. मी तिला खाली बसवलं आणि सांगितलं. अगं, पुढे शब्दच नव्हता. एकटीनं बोलताना त्या अल्लाला 'माया'च म्हणायच्या, मला त्यांनीच सांगितलं होतं. त्या हाक मारत होत्या त्याला. काही मागत नव्हत्या.

 शबाना एकदम भडकली. "मंग मले काहून नाही सांगितलं तिनं? सलीम गेल्यापासून मी नमाज पढतो, पन आतून एक शब्द नाही निघत. भीती वाटते काकू, तोंड उघडलं तं काय निघन त्याच्यातून!"

"जे निघेल ते निघू दे," मी म्हणाले. "त्याला सवय आहे. तुझ्या सासूनं लावलीय."

ती उठली, मला हाताला धरून बाहेरच्या ओट्यावर बसवलं आणि आत जाऊन दाराची कडी लावली.  माझी परतीची एसटी समोरच्या रस्त्यानं निघून गेली. मग आतून शबानाचा आवाज आला, आधी चाचरत, मग चढत... चांगलाच चढत.