तिमूरची टरफलं

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत दुसऱ्या मजल्यावर आमची प्रयोगशाळा आहे. खाली खोक्यांवर छपाई करणारा कारखाना. त्याच्या शाईचा वास वर येऊ नये म्हणून जिन्याकडचं दार कायम लावलेलं असतं. हिमालयातून आलेल्या वनस्पतींची तेलं काढायची आणि त्या तेलात काय काय आहे ते यंत्रावर तपासायचं, हे माझं काम. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच. साताऱ्याकडच्या आमच्या तालुक्याच्या गावी आबा, म्हणजे माझे वडील, हायस्कुलात शिपाई होते. शिक्षकांच्या खोलीत चहा नेता नेता माझ्या पुढच्या शिक्षणाची चौकशी करून यायचे. मी आज जी काही आहे ती त्या चौकशांमुळे.

आई गेल्यावर आबा माझ्याकडे घाटकोपरला राहायला आले. त्यांना मुंबई मानवली नाही, पण माझं काम फार आवडलं. संध्याकाळी मी दारात आले की ते माझी ओढणी नाकाशी धरत. "आज जटामांसी," म्हणत. नाहीतर, "आज काय ते लिंबासारखं?" बहुतेक वेळा बरोबर असे. मग मजल्यावर कोणी भेटलं की सांगायचे, "आमची ताई औषध काढती. हिमालयातल्या मुळ्यांचं." मी म्हणायची, "आबा, औषध नाही हो, तेल." ते म्हणायचे, "तेच गं ते."

त्या वर्षी तिमूरवर काम चाललं होतं. तिमूर म्हणजे आपल्या तिरफळाचाच डोंगरातला भाऊबंद. काटेरी झुडूप, मिरीएवढी फळं. तेल असतं ते टरफलात. शेजारच्या मालवणी काकूंना मी हे सांगितलं तर त्या हटूनच बसल्या, "गो बाय, माका आण थोडी. बांगड्याच्या तिखल्यात घालून बघतंय." नमुन्यातून उरलेली पिशवीभर टरफलं मॅडमना विचारून मी घरी आणली. मॅडम म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. काकूंना अर्धी दिली. त्यांनी तिखलं करून वाटीभर आमच्याकडे पाठवलं आणि मागोमाग स्वतः निरोप घेऊन आल्या, "तिरफळाची सर नाय हो ह्येका. पण जीभ कशी झिणझिणता बघा!"

जेवताना आबांनी विचारलं, डोंगरातले लोक ह्याचं काय करतात? मी उत्साहाने सांगितलं, चटणीत घालतात, आणि दात दुखला की टरफल चघळतात, तोंड बधिर होतं. आबा मान हलवत ऐकत होते. मी कामाबद्दल बोलायला लागले की ते असेच ऐकायचे, घास हातात धरून.

पुढे काही दिवसांनी त्यांनी तंबाखू सोडली. माझं कितीदा सांगून झालं होतं, आईने उभा जन्म सांगितलं होतं. तंबाखूच्या डबीत आता तिमूरची टरफलं असत. जेवणानंतर एक उचलून गालात धरायचे. मला एवढा आनंद झाला की मी प्रयोगशाळेत सगळ्यांना सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "बघ, तुझ्या संशोधनाचा पहिला उपयोग घरातच झाला."

पावसाळा सरला, दिवाळीही होऊन गेली. आबांचा भात मऊ लागायला लागला, मग पातळ. गाल सुजलेला दिसला तेव्हा मी विचारलं, तर म्हणाले, दाढ असेल. मी त्यांना ओढतच डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी बॅटरी धरून तोंडात पाहिलं. मग म्हणाले, "आजोबा, ही जखम आजची नाही. इतके दिवस दुखलं नाही?"

"दुखायचं की. पण पोरीचं औषध व्हतं ना," आबा म्हणाले. खिशातून डबी काढून त्यांनी ती डॉक्टरांपुढे उघडून धरली. "हे ठेवलं गालात की दुखणं गप. हिमालयातलं हाय."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी डबीकडे पाहत होते.

जखमेचा तुकडा तपासायला गेला आणि व्हायचं तेच, कॅन्सरचं, निदान झालं. जबड्याचा भाग काढावा लागेल, लवकर काढावा लागेल, असं मोठ्या दवाखान्यात सांगितलं. आबा ऐकेनात. "कापाकापी नको. तू टरफलानं इतकं थांबवलंस, तेलानं बरं करशील की. तेल जास्त जालीम असतंय, तूच म्हणलीवतीस." मी समजावलं, रडले, काकूंना मध्ये घातलं. त्या म्हणाल्या, "अहो, पोरीचां ऐका." आबा म्हणाले, "तिचंच तर ऐकतोय."

प्रत्येक दिवस जात होता तो त्यांच्या जबड्यातून जात होता, आणि त्यांचा माझ्यावरचा विश्वास तसूभरही हलत नव्हता. शेवटी मी त्यांना प्रयोगशाळेत घेऊन गेले.

दाराशी त्यांनी चपला काढल्या. मॅडम धावत आल्या, "काका, घाला, घाला, इथे काचा असतात." त्यांनी घातल्या, पण अवघडून, टाचा उचलून चालत राहिले. तेव्हा काचेच्या चंबूत टरफलं उकळत होती. वाफ थंड होऊन बारीक नळीत उतरत होती आणि पाण्यावर फिकट पिवळ्या तेलाचा पापुद्रा धरला होता. आबांनी त्याला हात जोडले. मग यंत्राच्या पडद्यावर तेलाचा आलेख दाखवला, एकेका घटकाचा एकेक सुळका. ते वाकून पाहत राहिले.

"ह्यात माझ्या दुखण्याचं कुठलं?" त्यांनी सुळक्यांकडे बोट करून मॅडमना विचारलं.

"ह्यात नाही, काका. ऑपरेशन करून घ्या."

"म्हंजी हितं औषध होतच न्हाई?"

"नाही. तेलात काय काय आहे, तेवढं आम्ही ओळखतो."

आबा माझ्याकडे वळले. आवाजात राग नव्हता. "मग तू एवढी वर्सं काय करतीस, ताई?"

मी म्हटलं, "हेच, आबा. ओळखते आणि लिहून ठेवते."

"आणि मग?"

मॅडमनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला. त्यांना तो गार करून, एका बाजूने प्यावा लागला.

आम्ही रिक्षाने परत निघालो. साकीनाक्याच्या गर्दीत रिक्षा अडकली तेव्हा आबा म्हणाले, "मी समद्यास्नी सांगत सुटलो. तू एकदा नीट बोलायचंस गं." मी बोलले होते, पण तसं म्हणण्यात काही अर्थ नव्हता. घरी आल्यावर चपला काढता काढता त्यांनी विचारलं, "कधी जायचं दवाखान्यात?"

ऑपरेशन झालं. गाठी मानेत उतरल्या होत्या, त्याही काढल्या. त्यानंतर आबांना बोलता आलं नाही. नाकातल्या नळीतून मी पातळ पेज घालायची, आणि ते भिंतीकडे तोंड करून पडायचे. एकदा काकू आल्या आणि त्यांच्या पायाशी बसून नुसत्याच रडल्या. आबांनी हाताने त्यांना गप्प केलं. होळीच्या आधी ते गेले.

तिमूरचा आमचा शोधनिबंध त्यानंतर पूर्ण झाला. प्रस्तावना मी लिहिली. वनस्पतीचा पारंपरिक उपयोग तिथे द्यायचा असतो. मी लिहिलं, डोंगराळ भागातले लोक दातदुखीवर ह्याची टरफलं चघळतात. त्यापुढे एक वाक्य जोडलं: ह्याने वेदना थांबते, जखम थांबत नाही, तोंडातली जखम भरत नसेल तर डॉक्टरांना दाखवावी.

मॅडमनी ते वाचलं, चष्मा काढला आणि खुर्ची माझ्याजवळ ओढली. "हे इथे बसत नाही गं," त्या हलकेच म्हणाल्या. "ह्याला आपल्याकडे आकडे नाहीत. संदर्भ काय देणार?"

त्यांचं बरोबर होतं. त्यांनीच मला हे शिकवलंय, संदर्भाशिवाय वाक्य लिहायचं नाही. मी ते काढून टाकलं. डोंगरातले लोक दातदुखीवर टरफलं चघळतात, एवढंच छापून आलं. त्यात खोटं काहीच नाही.