जातो म्हणणारा माणूस

कुणाच्याही घरून निघताना आपण 'येतो' म्हणतो. ते मात्र दारात चपला चढवता चढवता म्हणायचे, "जातो हं, वहिनी."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या सासूबाई चरकल्या. "अहो, जातो काय म्हणता? येतो म्हणावं!"

"मी येतो म्हटलेलं चालेल तुम्हाला?" ते हसून म्हणाले.

मुलुंडमधल्या एका दवाखान्याच्या अँब्युलन्सवर ते होते. चालवायला ड्रायव्हर वेगळा. ते मागे पेशंटचा हात धरून बसायचे. तेव्हा आमच्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये फोन एकच होता आणि लिफ्ट नव्हती. पेशंटला खुर्चीत बसवून जिना उतरताना ते ओरडायचे, "बाजूला व्हा रे, साहेब फिरायला निघाले!" दम्याने घाबरलेला माणूससुद्धा हसायचा.

माझी मुलगी त्यांच्याच हातात जन्मली. नाहूरचं फाटक बंद, गाडी अडकलेली आणि मला कळा अनावर. ड्रायव्हर हॉर्न बडवत होता. "गप रे, ट्रेन काय तुझो हॉर्न ऐकून थांबतली?" असं त्याला दटावून ते माझ्याकडे वळले. "घाबरू नको गो बाय, मी आहे." बाळाच्या गळ्याला नाळेचा वेढा होता. तो त्यांनी बोटांनी अलगद सोडवला. फाटक उघडायच्या आत ती रडली.

बारशाची बोलावणी निघाली तेव्हा मी त्यांचा विषय काढला. "त्या गाडीवरच्या माणसाला? शुभकार्यात?" सासूबाई म्हणाल्या. आमच्या ह्यांनी पेपर तोंडासमोर धरला. मीही पुन्हा बोलले नाही. हे काही फक्त आमच्याच घरी नव्हतं. बिल्डिंगमधल्या एकाही लग्नामुंजीत मी त्यांना पाहिलं नाही. तुमच्याही ओळखीत असा कुणी असेल, फक्त अडचणीत आठवणारा.

पुढे एकदा जिन्यात भेटले. "बाळ बरं ना?" मी "हो हो" म्हणून भराभर वर आले. कसली घाई होती, देव जाणे. त्या "हो हो"ची मला अजून लाज वाटते.

मुलगी बालवाडीत जायला लागली त्या वर्षी ते गेले. पेशंटला घेऊन असाच कुठलातरी जिना उतरत होते; छातीत कळ आली. पेशंटची खुर्ची त्यांनी आधी नीट टेकवली म्हणे, मग स्वतः बसले.

तेराव्याला आम्ही त्यांच्या घरी गेलो. पहिल्यांदाच. त्यांच्या बायकोने माझ्या मुलीला जवळ ओढलं.

"हीच काय ती फाटकावरची? आल्यागेल्याला हिचीच गोष्ट सांगायचे. नाव काय ठेवलंत हो? आम्हाला काही कळलंच नाही."

बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. नाव मुलीनेच सांगितलं, बालवाडीत शिकवलं होतं तसं, हात जोडून, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट.

बाईंनी तिच्या गालावरून हात फिरवला. मग हार घातलेल्या फोटोकडे वळून म्हणाल्या, "ऐकलंत का हो?"