सर्वरवरची गावपळण

परवा आम्ही चक्क सर्वरवर गावपळण केली... हो, खरंच!

माहीत नसणाऱ्यांसाठी सांगते. कोकणातल्या आमच्या आचरा गावात दर काही वर्षांनी अख्खं गाव घरं बंद करून, गुरंकोंबड्यांसकट वेशीबाहेर राहायला जातं. देवाचा कौल मिळाला की मगच परत. आणि आम्ही मित्रमंडळींनी एका ऑनलाइन गेममध्ये ठोकळा ठोकळा रचून हेच आचरा बांधलंय. सर्वर माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर, त्यामुळे शिव्याही मलाच.

गेले काही दिवस कोणीतरी तिथली घरं फोडत होतं. खारेपाटणच्या आसिफने हौसेने बांधलेली होडी जळाली, तेव्हा सर्वरच्या रेकॉर्डमध्ये नाव निघालं माझ्या शेजारच्या नितेशचं... झालं! ग्रुपवर सगळे त्याच्यावर तुटून पडले. तो शपथा घेतोय, पण ऐकतंय कोण?

त्याला काढ, नाहीतर आम्ही निघालो, असं आसिफने बजावलं. ज्याने गेममधल्या आमच्या देवळाचा कळस चढवला, त्याला चोर ठरवून हाकलू? माझं डोकंच फिरलं.

म्हटलं, गावपळण! सगळ्यांनी वेशीबाहेर जायचं आणि लॉग आउट करायचं. कुरकुर केली, पण गेले बापडे... एकीने तर गेममधल्या कोंबड्याही हाकत नेल्या.

दुपारी नितेशला घरी बोलावलं, त्याचा फोन टेबलावर ठेवायला लावला आणि आसिफला व्हिडिओ कॉलवर घेतलं. स्क्रीनवर गाव ओस. चहा निवून गेला... आणि अचानक गावात कोणीतरी शिरलं. नाव नितेशचं!

मी ओरडलेच. "नित्या, तू तर हंय बसलंस... मगे थंय कोण फिरता?"

गेममधली नाणी फुकट मिळतात म्हणून या शहाण्याने कुठल्याशा साइटवर पासवर्ड देऊन ठेवला होता. तो लगेच बदलला आणि भामट्याची कायमची हकालपट्टी केली. अशी मजा आली म्हणून सांगू!

संध्याकाळी सगळे गावात परतले. मी चॅटवर, देवापुढे घालतात तसं रीतसर गाऱ्हाणं घातलं आणि खाली धडाधड "व्हय म्हाराजा" उमटू लागलं. शेवटी आसिफने लिहिलं, "नित्या, चुकलो. नवी होडी दोघांनी मिळून बांधूया."

नितेश माझ्या शेजारी बसून डोळे पुसत राहिला.

गाव रिकामं केलं, म्हणून आमचा माणूस गावात राहिला... सांभाळ कर रे महाराजा, असाच.