साठाला एक कमी

माझे धाकटे दीर नदी मोजायचे. कुणी विचारलं, “काय करतात ते?” तर मी असंच सांगायचे आणि समोरचा हसायचा. पण खरंच तेच काम. विभागीय परिषदेने पुलाच्या पायथ्याशी नदीत आकड्यांची उंच पट्टी रोवली होती. रोज सकाळी आठला पाण्यात उतरायचं, पट्टीवरचं शेवाळ ब्रशने घासायचं, पाणी कुठवर आहे ते वाचायचं, वहीत लिहायचं आणि कचेरीला कळवायचं. बावीस वर्षं हेच. लग्न केलं नाही.

“नदी रोज वेगळी असते, वहिनी. बायको रोज तीच.”

“तीही रोज वेगळीच असते, भावजी. फक्त पट्टी रोवून घेत नाही.”

गाव त्यांना सेंटीमीटर म्हणायचं. ‘साधारण’ हा शब्द त्यांच्यापुढे काढायची सोय नव्हती. चहात साखर किती विचारलं, तर ‘पावणेदोन चमचे’. आमचे हे गेल्यावर ते आमच्या मागच्या खोलीत राहायला आले. दाराशी त्यांचे गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट उलटे वाळत असायचे. सून कुरकुरायची, मी म्हणायचे, “राहू दे, घरात पुरुषमाणूस असल्यासारखं वाटतं.”

त्या पट्टीत साठाचा आकडा महत्त्वाचा. पाणी साठाच्या खाली गेलं की वरच्या बागांचे पंप बंद करायचे, असा परिषदेचा नियम होता. कारण समुद्र आमच्यापासून फार लांब नाही. नदीचं गोडं पाणी कमी पडलं की भरतीला खारं पाणी वर चढतं, थेट शहराला आणि आमच्या गावाला नळाचं पाणी देणाऱ्या विहिरीपर्यंत. आणि पंपांचा पुढच्या आठवड्याचा निर्णय शुक्रवारच्या आकड्यावर व्हायचा. हे सगळं मला भावजींनीच समजावलं होतं. म्हणजे मला ठाऊक नव्हतं, असं म्हणायलाही मला जागा नाही.

त्या उन्हाळ्यात त्यांचा गुडघा सुजला. परिषदेने दिलेला मोबाइल वर काठावर ठेवायचा, खाली उतरून वाचायचं, पुन्हा चढ चढून आकडा पाठवायचा, हे त्यांना जमेना. त्या शुक्रवारी मीच म्हटलं, “तुम्ही खालून ओरडा, मी पाठवते.”

“जमेल?”

“नातीला रोज फोटो पाठवते मी!”

शाळेत मी दुसरीपर्यंत. तोंडी हिशेबात मी बाजारात कुणाला हार जात नाही. पण आकडा लिहायचा म्हटला की कान पुढे पळतो आणि बोट मागून धावतं. भावजी खालून ओरडले, “एकोणसाठ!” कानाला साठ ऐकू आलं, बोट सहावर गेलं, मग नऊवर. पाठवून टाकलं.

“गेला का?”

“गेला!”

मोठ्या ऐटीत म्हटलं मी.

पंप चालू राहिले. शनिवारी त्यांनी दात-ओठ खात स्वतः चढ चढून अठ्ठावन्न पाठवला, पण शनिवार-रविवार कचेरीत आकडा बघायला कोण बसलंय? रविवारी अमावस्येचं उधाण आलं. सोमवारी सकाळचा चहा सुनेने थुंकून टाकला. “आई, साखरेच्या जागी मीठ घातलंत?” मी नव्हतं घातलं. म्हणजे घातलं होतं, अख्ख्या शहराच्या चहात. फक्त तेव्हा मला ते कळलं नव्हतं.

आठ दिवस नळाला खारं पाणी. टँकर आले, रांगा लागल्या. कचेरीने आकडे काढून बघितले. शुक्रवारी एकोणसत्तर, शनिवारी अठ्ठावन्न. एका दिवसात अकरा सेंटीमीटर नदी कुठे गेली? साहेबांनी भावजींना बोलावलं. वहीत एकोणसाठ लिहिलेलं होतं, पण साहेब म्हणाले, “वही काय, मागाहूनही लिहिता येते. शुक्रवारी तुम्ही नदीवर गेलाच नाहीत. घरी बसून आकडा ठोकलात.”

भावजी एवढंच म्हणाले, “फोन माझ्याच नावावर आहे.”

त्यांची बदली बसस्थानकावर झाली. कोणत्या बसमध्ये किती माणसं चढतात ते हातातल्या यंत्राची कळ दाबून मोजायचं. तेही परिषदेचंच काम. रबरी बूट त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवले.

आणि मी काय केलं? टँकरच्या रांगेत शेजारीण म्हणाली, “तुमच्या दिरामुळे आमची ही दशा.” मी म्हटलं, “हो ना, जरा बघून पाठवायला हवं होतं.” माझ्याच जिभेने म्हटलं.

पाच-सहा आठवड्यांनी नात गृहपाठाला बसली होती. मी आकडे सांगत होते, ती लिहीत होती. एकोणसाठ म्हटलं, तिने पाचावर नऊ काढले. “अगं बाई, साठावर नऊ! सहा काढ आधी,” मी डाफरले.

“आजी, एकोणसाठ म्हणजे साठाला एक कमी. पन्नासातले असतात ते!”

हातातली चाळणी तशीच राहिली. बाजारात एकोणसाठ म्हणजे किती हे मला झोपेतही कळतं. कागदावर मात्र कळत नव्हतं, आणि हे मला सत्तर वर्षं कुणी सांगितलं नव्हतं, कारण मी कुणाला दाखवलंच नव्हतं.

मग तरी बोलावं की नाही? नाही बोलले. चार महिने नाही. सून म्हणेल अडाणी, रांगेतल्या बायका काय म्हणतील, या भीतीने. भावजींच्या ताटात मात्र रोज जास्तीचं वाढत गेले. ते म्हणायचे, “वहिनी, पोट काही वाढवलेलं नाही मी.” माझ्याकडे बघायचेही नाहीत तेव्हा. मला वाटायचं, बरंय, त्यांना माहीत नाही.

एकदा डोळे तपासायला शहरात गेले. स्थानकावर उतरले तर भावजी खांबाला टेकून यंत्राची कळ दाबताहेत. एक कंडक्टर जाता जाता ओरडला, “काय सेंटीमीटर, आज आलात होय? मला वाटलं घरी बसूनच मोजताय!” चारजण हसले. भावजीही हसले. ते हसू मला बघवेना. बावीस वर्षांत हा माणूस तापातही नदीवर गेला होता.

डोळ्यांचा डॉक्टर राहिला बाजूला. मी तशीच परिषदेच्या कचेरीत. पाणी विभागात एक मॅडम होत्या. म्हटलं, “त्या शुक्रवारी माझे दीर पाण्यात उभे होते. मी काठावरून बघितलं. त्यांनी एकोणसाठच सांगितलं, एकोणसत्तर माझ्या बोटाने केलं.”

“पण आजी, फोन दुसऱ्याच्या हातात देणं हीसुद्धा चूकच.”

“ती लिहा की. पण ते नदीवर गेले नाहीत, हे खोडा.”

मॅडमनी सरळ सांगितलं. नदीवर आता आपोआप मोजणारं यंत्र बसलंय, ती जागाच उरलेली नाही. भावजी बसस्थानकावरच राहणार. मी चार महिने आधी आले असते तर? मी विचारलं. त्या फाइल शोधायला उठल्या.

जुन्या नोंदीत ६९ होतं. मॅडमनी ते खोडलं, समोर ‘वाचन घेतले होते, पाठवताना चूक’ असं लिहिलं आणि पेन माझ्या हातात दिलं. सही तुमची हवी, आकडाही तुम्हीच लिहा. मी पाच काढला. मग थांबले, मनात म्हटलं, साठाला एक कमी. मग नऊ काढले.

कागदाची नक्कल घेऊन स्थानकावर गेले. भावजींनी ती चष्म्याजवळ धरून वाचली. शेवटी म्हणाले, “मला त्याच सोमवारी फोन बघून कळलं होतं, वहिनी.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुम्ही बोलाल म्हणून थांबलो.”

बस आली, त्यांनी चढणारी माणसं मोजली, कळ दाबली, एकही चुकू दिला नाही. बस गेल्यावर कागद नीट घडी करून खिशात ठेवला.

“पाच जरा वाकडा आलाय,” म्हणाले.