रसूलचाचांचा माल आणि आमचं पत्रक

छापखान्यातून आलेल्या गठ्ठ्याची दोरी सोडली, की शाईच्या वासासरशी बारामतीतली आमची गल्ली आठवते. नव्वदच्या दशकात कंपन्या आल्या. घरमालकांनी भाडी वाढवून कुटुंबं हुसकावली आणि एकट्या कामगारांसाठी खोल्या काढल्या. चीड येऊन आम्ही पत्रक छापलं, ‘ही गल्ली आमची आहे.’

पहिलं द्यायला बांगडीवाल्या रसूलचाचांकडे गेलो. त्यांच्या ओट्यावर मराठ्यांच्या, बौद्धांच्या, तांबोळ्यांच्या बाया एकाच सतरंजीवर बसून बांगड्या भरायच्या. त्या दिवशी चाचा माल बांधत होते.

“चाचा, आमी लढतोय. तुमी हलू नका.”

“हितं बसून काय करू, लेका? बाया गेल्या. आता खोल्यांत कंपनीतली पोरं. त्यांच्या हातात हिरवा चुडा भरू व्हय?” त्यांनी पत्रक उलटून पाहिलं. “मागनं कोरं हाय. बांगड्यांना शाई लागायची न्हाय. समदा गठ्ठा दे.”

मी दिला. राग यायला हवा होता. काहीच आलं नाही. आमच्या घोषणेत गुंडाळलेल्या बांगड्या मीच बावडा गावाला निघालेल्या टेम्पोत रचल्या.

अजूनही मी पत्रकाची मागची बाजू कोरी ठेवतो. छापखानेवाला कारण विचारतो. मी गठ्ठा उचलून निघतो.