नगरसेवकांनी बांधलेला फेटा

बेंगळूरच्या पालिकेत मी दफेदार होतो. दफेदार म्हणजे पांढरा अंगरखा, छातीवरून आडवा लाल पट्टा, डोक्याला फेटा, आणि महापौरांच्या दाराशी उभं राहणं. आत कोण जाणार ते महापौर ठरवत. कधी जाणार ते मी ठरवत असे. शाळा माझी तिसरीत सुटली. पण ती मी सोडली, शाळेनं मला काढलं नाही, एवढं लक्षात ठेवून पुढं वाचा.

माझ्याकडे आणखी एक काम होतं, निरोपाचं. कुणी नोकर रिटायर झाला, कुणा नगरसेवकाची मुदत संपली, की हॉलमध्ये समारंभ होई. चंदनाचा हार, शाल, फळांची टोपली, आणि डोक्याला म्हैसुरी पेटा. आमच्या घरात त्याला फेटाच म्हणतात. आमचे पूर्वज कुठल्याशा फौजेबरोबर इकडं आले आणि परत जायचं विसरले, म्हणून भाषा तेवढी राहिली. तर तो पेटा भर सभेत सत्कारमूर्तीच्या डोक्यावर मी बांधायचा. रिवाजच होता. सत्काराचा पेटा आपला आपण बांधायचा नाही, दुसऱ्याच्या हातानं बांधून घ्यायचा.

ऐकायला सोपं वाटतं. पण माणूस एरवी कितीही गंभीर असो, माईकवरून त्याची स्तुती सुरू झाली की त्याची मान डोलायला लागते. डावीकडचा वक्ता बोलला की डावीकडं, उजवीकडचा बोलला की उजवीकडं. अशा डोक्यावर वेढे कसे बसणार? मग मी हळूच कानाची पाळी धरून मान सरळ करत असे. नगरसेवकांचा कान धरायची मुभा सगळ्या पालिकेत मला एकट्यालाच होती.

नव्वदीच्या मधल्या वर्षांत नवे मॅनेजर आले. भला गृहस्थ, पण घड्याळाचा भारी नाद. त्यांनी चिकपेटच्या बाजारातून तयार पेटे आणले. आत पुठ्ठा, वर जरी, सगळे एका मापाचे. उचलला, ठेवला, टाळ्या.

मी म्हणालो, "सार, हा पेटा नव्हे. डब्याचं झाकण आहे."

"दफेदार, वेळ वाचतो."

"वाचवून काय करता?"

"आणखी एक भाषण बसतं."

त्या दिवसापासून मी व्यासपीठावर पाऊल ठेवलं नाही. दारातून बघत राहिलो. सगळी डोकी एकसारखी दिसायला लागली होती. दुकानात मांडल्यासारखी. बाकीचे दफेदारसुद्धा शिवलेला फेटा टोपीसारखा चढवून येऊ लागले. येऊ देत. माझा मी रोज सकाळी आरशासमोर बांधत होतो.

माझी रिटायर व्हायची पाळी आली तेव्हा मी मॅनेजरांना सांगून टाकलं, "माझ्या निरोपाला बांधलेला फेटा पाहिजे. झाकण मी घेणार नाही."

"नाही तर काय कराल?"

"नाही तर रिटायर होणार नाही."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "ते तुमच्या हातात नाही, दफेदार."

"डोकं माझं आहे ना, सार."

डोकं माझं होतं, पण बांधणारे हात कुणाचे? अडचण ती होती. हॉलमध्ये बांधणारा मी एकटाच, आणि त्या दिवशी खुर्चीवर बसणारही मीच. घरी बायकोला बोललो तर ती म्हणाली, "घ्या की तो तयार. डोक्याला काय कळतंय?" मी त्या दिवशी तिच्याशी बोललो नाही. तिच्या ते संध्याकाळी लक्षात आलं.

आमच्या चामराजपेटचे एक नगरसेवक होते. पिठाच्या गिरणीचे मालक, आमच्याच भाषेचे. सभेत कन्नड, जिन्यात मराठी. पालिकेची सभा मुदत संपून बरखास्त व्हायची होती आणि पुन्हा उभं राहायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. एक दिवस जिन्यात त्यांनी मला अडवलं.

"दफेदारा, तुझा माझा निरोप एकाच दिवशी म्हणे."

"हो अण्णा. तुमची मुदत, माझं वय."

"मॅनेजरनं ते झाकण माझ्या डोक्यावर ठेवून बघितलं." त्यांचं डोकं पालिकेत प्रसिद्ध होतं. मापाच्या बाबतीत म्हणतो मी. "कलिंगडावर वाटी ठेवल्यासारखं दिसतंय. तू बांध मला."

"बांधतो. पण मला कोण बांधेल?"

त्यांनी स्वतःच्या हातांकडं बघितलं. "मी बांधतो."

मला हसू आलं.

"हसतोस काय? सगळा वॉर्ड बांधून काढलाय मी."

"म्हणूनच हसतोय, अण्णा. माझ्या घरापुढचा रस्ता तुम्हीच बांधलाय."

ते चार पायऱ्या उतरून गेले, थांबले, आणि परत वर आले. "रविवारी घरी ये. कापड घेऊन ये."

असे माझे रविवार गिरणीमागच्या त्यांच्या घरात जायला लागले. पालथी घागर पाटावर ठेवायची, त्यांच्या बायकोनं, म्हणजे अक्कांनी, कापडाचं एक टोक धरून दारात उभं राहायचं, आणि नगरसेवकांनी घागरीला पेटा बांधायचा. कापड कसं ताणायचं, पीळ कुठं द्यायचा, जरीचा काठ वर कसा ठेवायचा, सगळं मी खुर्चीवर बसून सांगत होतो. त्यांच्या घरात, त्यांच्याच खुर्चीवर. बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू.

पहिल्या रविवारी घागर भाजल्यासारखी दिसत होती, पट्ट्या गुंडाळलेल्या. दुसऱ्या रविवारी ते चिडले. "मी नगरसेवक आहे. हे काम माझं नाही."

दारातून अक्का म्हणाल्या, "महिनाअखेरीनंतर तेही नाही आहात. बांधा."

त्यांनी बांधलं. होता होता घागर चांगली दिसायला लागली. शेवटच्या रविवारी तर तिला हार घालावा असं मलाही वाटलं. मी म्हणालो, "अण्णा, घागर हलत नाही. माणसाचं डोकं हलतं."

"तुझं डोकं कुणासाठी हललंय आजवर? घागरीहून सोपं जाईल."

निरोपाच्या दिवशी हॉल भरला होता. आमच्या दोघांच्या खुर्च्या शेजारी शेजारी. मॅनेजरांनी तबकात तयार पेटा आणून माझ्याजवळ ठेवला. "असू दे, दफेदार. लागला तर." मी तबक कोपरानं लांब सरकवलं.

आधी मी उठलो आणि नगरसेवकांना बांधला. कलिंगड म्हणा काही म्हणा, त्या डोक्यावर पेटा असा बसला की मागच्या बाकावरचे कारकूनही उभे राहिले. मग मी खुर्चीत बसलो आणि ते उठले.

आता एक गोष्ट आम्ही दोघंही विसरलो होतो. रविवारी ते उघड्या डोक्यानं बांधत होते. आज त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर उंच पेटा, आणि तो पडेल या भीतीनं त्यांना मान खाली घालता येईना. समोर भिंतीकडं बघत, नुसत्या हातांच्या अंदाजानं ते मला बांधायला लागले. हाताला घाम सुटलेला. पहिला वेढा बसला. दुसरा घसरून माझ्या डोळ्यांवर आला आणि हॉल दिसेनासा झाला. हसणं मात्र ऐकू येत होतं. मी महापौरांच्या दाराशी उभा असताना माझ्यासमोर कुणी खोकायचंही नाही, आणि आता सगळी पालिका हसत होती.

मॅनेजर जवळ आले. आवाजावरून कळलं, आणि 'जरा'च्या जागी येणाऱ्या त्यांच्या कन्नड 'स्वल्प'वरून. "सार, स्वल्प वेळ कमी आहे. तयार आहे तो ठेवू या का?"

"थांबा," नगरसेवक म्हणाले.

मला राहवेना. एका ओढीत मी तो नीट केला असता. माझे हात आपोआप वर गेले, कानापर्यंत पोचलेही. तेवढ्यात नगरसेवक मराठीत पुटपुटले, "हात खाली घे, दफेदारा. तू हात लावलास की तो तुझा तू बांधलेला होतो. मग मी इतके रविवार पीठ खात बसलो ते कशाला?"

मी हात मांडीखाली दाबून बसलो. माझ्या हातांना एवढं कठीण काम कुणी कधी दिलं नव्हतं. वेढे चढत होते, काही उलटे, काही सैल. कुठला कसा चुकतोय ते मला न बघता कळत होतं, आणि गप्प राहायचं होतं. राहिलो.

शेवटी टाळ्या झाल्या. एक कान आत, एक बाहेर. जरीचा काठ मानेवर, आणि वर मधोमध कोंबड्याच्या तुऱ्यासारखं काहीतरी उभं. तबकातला तयार पेटा तबकातच राहिला. भाषणात कोण काय बोललं मला सांगता येणार नाही. एक कान झाकलेला, आणि मान जरा हलली तरी सगळं सुटेल म्हणून मी समोरच्या पंख्याकडं बघत बसलो होतो.

परत जाताना नगरसेवक म्हणाले, चालत जाऊ. रिक्षाच्या टपाला पेटे लागले असते. मार्केटातून आम्ही दोघं निघालो. ते राजासारखे, मी राजाच्या माकडासारखा. एका फुलवालीनं विचारलं, "मुलाकडचे की मुलीकडचे?"

"आम्हीच नवऱ्या आहोत, अक्का," ते म्हणाले. "आत्ताच पाठवणी झाली."

तिनं आम्हाला एकेक गुलाब दिला.

घरी बायकोनं दार उघडलं, बघितलं, पदर तोंडाला लावला. "अहो, हा कुणी बांधला?"

"नगरसेवकांनी."

"दिसतंय." मग माझ्या तोंडाकडं बघून तिनं पदर खाली घेतला. "बसा. सोडते मी. जेवण तयार आहे."

मी दिव्याखाली पाटावर बसलो. ती मागं उभी राहून टोक शोधायला लागली. टोक कुठं खोचलंय ते सापडेना. हा वेढा उचलला की तो सैल, तो उचलला की दुसराच. ती हसत होती, तिची बोटं माझ्या केसांत फिरत होती, आणि मी तिला काहीच सांगत नव्हतो, हे तिला नवीनच होतं. शेवटी कानामागं सापडलं.

"हे बघा, मिळालं. ओढू?"

मी म्हणालो, "थांब. स्वल्प थांब."

तिनं टोक होतं तिथं परत खोचलं आणि फेटा डोक्यावर असतानाच माझं ताट पुढं आणून ठेवलं.