शिगेचं माप

मावशीच्या धान्याच्या दुकानात माप कधी सपाट भरलं गेलं नाही. पत्र्याचं माप ती गव्हात खुपसायची, तळहाताने दाबायची, काठाला टिचक्या मारून हलवायची आणि वर टोकदार शीग चढवायची. दाणे पायरीपर्यंत घरंगळत जात.

"काका, बायकोला आवरा," गिऱ्हाइकं तिच्या नवऱ्याला म्हणत.

"मी काय आवरणार? उद्या रिकाम्या पोत्यात मलाच भरून विकेल ती!"

मावशी हसायची. लहानपणी चर्चमध्ये ऐकलेलं वचन तिने मनाशी गाठ मारून ठेवलं होतं: ज्या मापाने द्याल, त्याच मापाने परत मिळेल, दाबून, हालवून, ओसंडून पदरात पडेल. पदरात तिला काय हवं होतं, ते साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. तोंडावर कुणी विचारत नसे.

केस पिकायला लागले तेव्हा तिला दिवस गेले. काकांनी दुकानामागच्या खोलीतली डाळीची पोती हलवून खिडकीखालची जागा मोकळी केली, भिंतीला चुना दिला. मावशी पडून असायची तेव्हा तेच माप भरत. एकदा त्यांच्या हातूनही मावशीसारखी शीग चढली तशी समोरची म्हातारी म्हणाली, "भाऊ, तब्येत बरी आहे ना?"

"गप गं आजी," म्हणत त्यांनी आणखी एक मूठ टाकली.

मुलगी फार लवकर आली. संध्याकाळपर्यंत जगली. नर्सने कपड्यात गुंडाळून मांडीवर दिली, तेव्हा मावशी एवढंच म्हणाली, "भूक लागली असेल हिला."

तिसऱ्या दिवशी काकांचं न ऐकता ती दुकानात येऊन उभी राहिली. तांदूळ भरता भरता थांबली. पोलकं पुढून ओलं होत चाललं होतं. पिशवी धरून उभ्या असलेल्या बाईने पाहिलं आणि मान खाली घातली.

"आलं," मावशी म्हणाली. "बघा ना, किती आलं."

काकांनी दुकानाच्या फळ्या लावून घेतल्या. दूध साठलं की ठणका लागतो, काढून टाका, असं नर्सने बजावलं होतं. आतल्या खोलीत मावशीने ते वाटीत काढलं. वाटी भरली.

"कुठे ओतू?" काकांनी विचारलं.

मावशीने चुना दिलेल्या भिंतीकडे तोंड फिरवलं. ते वाटी घेऊन मागच्या दारी गेले. मोरी समोरच होती. मोरीकडे त्यांनी पाठ केली. मग उंबऱ्यावरच टेकले, वाटी दोन्ही हातांत धरून, थेंबही सांडणार नाही अशी.

"अहो," आतून मावशीचा आवाज आला, "अजून येतंय."